मदत हवी आहे : पाड्यावरच्या अभ्यासिकेसाठी जमवलेला निधी

पालघर जिल्ह्यातील मोखाडा तालुक्यातल्या एका पाड्यावरील अभ्यासिकेसाठी आम्हा विद्यार्थ्यांना पुस्तके आणि पाच टॅबलेट घ्यायचे असून, त्यासाठी ओळखीच्या लोकांकडून ४२,००० रुपये जमले आहेत. जुनी पुस्तके मागवून पाहिली, पण चार खोक्यांत निम्मी गाईडेच निघाली. मुले मात्र शिवण उसवलेली तीच दोन चित्रमय पुस्तके आळीपाळीने वाचतात. पाड्यावर रेंज नसल्याने टॅबलेटमध्ये इंटरनेटविना चालणारी ‘कोलिब्री’ ही शैक्षणिक प्रणाली घालणार आहोत. आमची नोंदणीकृत संस्था नाही आणि वैयक्तिक खात्यावर आणखी रक्कम घेणे आम्हाला योग्य वाटत नाही. अनोंदणीकृत गटाने सार्वजनिक वर्गणी गोळा करण्यासाठी धर्मादाय कार्यालयाला कोणत्या नमुन्यात कळवावे, आणि कोलिब्रीवर मराठी पाठ चढवण्याचा प्रत्यक्ष अनुभव कोणाला आहे का?