बाटली तोंडात घेतच नाही (सोसायटी ग्रुप, रत्नागिरी)

बी-२०३: लेकुरवाळ्यांनो, जरा सांगा. २६ आठवड्यांची रजा संपत आली. लेक पाच महिन्यांची, नुसतं अंगावरचं दूध. बाटली तोंडाशी नेली की निपल जिभेने ढकलते आणि टाहो फोडते. सासूबाई म्हणतात, भूक लागली की झक मारत घेईल.

ए-१०४: भुकेने कळवळल्यावर तर नकोच गं. तेव्हा तिला ओळखीचंच हवं असतं. मधल्या वेळी, खुशीत असताना दे. निपलला थेंबभर दूध लाव, चाटू दे. नाही घेतलं तर बाजूला ठेव, ताणू नको.

सी-३०१: आणि तू देऊच नकोस! तुझा वास आला की ती बाटलीकडे कशाला बघेल? बाबाला बसव, तू मांडवीच्या किनाऱ्यावर चक्कर मारून ये.

बी-२०३: बाबा तयार आहे हो वहिनी, पण आडवं निजवून बाटली उभी धरतो. काल ठसका लागला.

ए-१०४: लागणारच. मांडीवर बसतं धरायचं, मान सावरून. बाटली जवळजवळ आडवी, निपलमध्ये दूध राहील एवढीच कललेली. चार घोट झाले की खाली करायची, श्वास घेऊ दे. निपल सगळ्यात हळू धारेचं आण.

बी-१०२: मोटार कोणी बंद केली? टाकीत पाणी नाही.

सी-३०१: काका, सेक्रेटरींना फोन करा ना.

ए-००१, आजी: अगो, बाटली हवीच कशाला? आमची सगळी बोंडल्यावर, चोचीच्या वाटीवर, वाढली.

सी-३०१: आजी बरोबर बोलतायत. डॉक्टरही वाटी-चमचाच सांगतात. बाटलीच्या खाचांत दूध अडकतं, नीट उकळली नाही की जुलाब. १९९२ च्या कायद्याने तर बाटलीची जाहिरात करायलाही बंदी आहे. छोट्या पेल्यानेही जमतं. पेला खालच्या ओठाला टेकवायचा, ओतायचं मात्र नाही, ती आपली जिभेने ओढून घेते.

बी-२०३: आणि काढलेलं दूध टिकतं किती?

ए-१०४: बाहेर ४ तास सांगतात, पण ते २५ अंशांपर्यंत. आपल्याकडे भर पावसातही त्याहून गरम. काढलं की लगेच फ्रिजमध्ये, आत मागे, दारात नाही. ४ दिवस चालतं. तोंडाला लावलेलं उरलं तर २ तासांनी ओतून टाक, कितीही जीव तुटला तरी. मायक्रोवेव्ह नको, गरम पाण्याच्या भांड्यात धरून कोमट कर.

सी-३०१: वारा सुटला की लाईट जाते, हे धरूनच चाल. पावसाळ्यात मी उद्यापुरतंच काढायचे. साठा नाहीच.

ए-००१, आजी: बोंडलं चांदीचं आहे, घासून उकळून ठेवते. न्यायला बाबाला पाठव, कसं धरायचं ते दाखवते त्याला.