दोन बाईक, एक कयाक आणि चौघांचं बिऱ्हाड: कॅम्पिंगला कुठली गाडी घ्यावी?

टिळकवाडीकर
नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसतं वाचायलोय, आज विचारतोच. राहायला बेळगावात, आणि घरात सामान असं वाढलंय: माझी हिरो एक्सपल्स 200 फोर व्ही बाईक, पोराची कावासाकी केएलएक्स 110 (तिला पासिंग नाही, नुसती मातीवर चालवायची) आणि बारा फुटी दोघांची कयाक (वल्ह्याची निमुळती होडी), कडक प्लास्टिकची, हवा भरायची नव्हे. पोरगा चौदाचा, पोरगी दहाची. शनिवार-रविवार जोडून सुट्टी आली की कधी तिलारी, कधी गणेशगुडी, कधी हिडकलचं बॅकवॉटर, दिवाळीनंतर मालवण, असं फिरायचं डोक्यात हाय आणि सगळं सामान एकदमच न्यायचं, रात्री तिथंच मुक्काम. अमेरिकेतले ते मागं गॅरेज असलेले कॅरॅव्हॅन बघून बघून डोकं फिरलंय म्हणा की.

तीन पर्याय दिसायलेत. एक, सेकंडहँड फोर्स ट्रॅव्हलर घेऊन आत बेड, किचन आणि मागं बाईकला जागा. दोन, इसुझू व्ही-क्रॉस किंवा हायलक्स पिकअप, हौद्यात बाईक आणि वर रूफटॉप टेंट. तीन, आत्ताच्या इनोव्हालाच हूक बसवून मागं ट्रेलर ओढायचा. बजेट अठरा लाखापर्यंत, सेकंडहँड चालेल. घरासमोर साडेपाच मीटरच जागा हाय, त्यापुढं शेजारच्या काकांचं गेट, आणि काकांशी भांडायची माझी तयारी नाही.

उद्यमबाग वेल्डर
मॉडेलचं मागनं बघू, आधी वजन मांडा. एक्सपल्स 159 किलो, केएलएक्स 76, कयाक तीस धरा, तुम्ही चौघं मिळून अडीचशेच्या घरात, पाणी चाळीस लिटर, तंबू-शेगडी-आइसबॉक्स-हेल्मेट-बूट म्हणून अजून शंभर. झालं की नाही साडेसहाशे? आता कुठल्याही डबल कॅब (दोन रांगा सीटच्या) पिकअपच्या आरसीवर अनलॅडन वेट म्हणजे रिकाम्या गाडीचं आणि ग्रॉस वेट म्हणजे भरल्या गाडीचं जास्तीत जास्त वजन, दोन्ही लिहिलेलं असतं, त्यातला फरक म्हणजे तुम्हाला मिळालेला कोटा आणि माणसं पण त्याच कोट्यात. पांढऱ्या पाटीच्या पिकअपमध्ये हा कोटा लोकांना वाटतो त्यापेक्षा लई कमी असतो. हौदा मोठा दिसतो म्हणून वजन बसतं असं नाही ओ, पाटे दबून मागची बाजू खाली बसली की घाटात पुढचं स्टीअरिंग हलकं लागतं आणि समोरच्याच्या डोळ्यात तुमचे हेडलाइट.

दुसरं लांबी. व्ही-क्रॉसचा हौदा पाच फुटाच्या आसपास, एक्सपल्स सव्वादोन मीटरच्या जवळ, म्हणजे सव्वासात फूट. फाळका उघडा ठेवूनच न्यावी लागणार. केएलएक्स दीड मीटरपेक्षा जरा जास्त, ती तिरकी बसते. दोन्ही शेजारी उभ्या करायच्या तर एक पुढं तोंड आणि एक मागं तोंड करून चढवा, नाहीतर हँडलं एकमेकांत अडकतात. रॅचेट बेल्ट चार लागतात एका बाईकला, पुढचे दोन खालच्या ट्रिपल क्लॅम्पवर (फोर्कच्या दोन्ही नळ्या धरणारा भाग), हँडलबारवर नको. आणि फोर्क, म्हणजे पुढचे शॉकअब्सॉर्बर, पूर्ण दाबून बांधू नका, निम्मा दाबला तरी बास, नाहीतर सील जातंय.

मूळचा खानापूरचा, सध्या टेक्सास
बाहेरचं बघून डोकं फिरलंय म्हणालात म्हणून लिहितो. इकडचा टॉय हॉलर म्हणजे तोच मागं गॅरेज असलेला कॅरॅव्हॅन, त्याची मागची अख्खी भिंत खाली पडते, तोच रॅम्प, आत आठ-दहा-बारा फुटाचं गॅरेज, त्यात दोन बाईक किंवा एक एटीव्ही (मातीवर चालवायची चारचाकी बाईक), आणि गाड्या बाहेर काढल्या की छतातनं बेड खाली येतो. पण हे ओढायला पुढं कसला ट्रक असतो ते व्हिडिओत कोण सांगत नाही. मोठे फिफ्थ व्हील (ट्रकच्या हौद्यातल्या जोडावर बसणारे ट्रेलर) असतील तर पाऊण टनी, एक टनी वर्गातले डिझेल ट्रक, वजनाचा पाव हिस्सासुद्धा ट्रकच्या मागच्या अॅक्सलवर येऊ शकतो. साध्या ट्रेलरला हूकवर दहा ते पंधरा टक्के वजन यायलाच पाहिजे, कमी झालं की ट्रेलर हायवेवर डावी-उजवी करायला लागतो आणि मग तो आवरत नाही. बाईक मागं ठेवल्या की नेमकं हेच होतं. रिकाम्या गॅरेजचं वजन वेगळं, भरलेल्याचं वेगळं, त्यामुळे इथंसुद्धा लोक फसतात.

आणि पेट्रोलचा वास. गॅरेज आणि झोपायची जागा यात भिंत असलेली मॉडेल मुद्दाम शोधून घेतात लोक, तरी उन्हात टाकी तापली की वास येतोच. तुमच्या ट्रॅव्हलरमध्ये तर सगळं एकाच डब्यात, त्यात गॅसची शेगडी. मुलं झोपणार त्या डब्यात पेट्रोल भरलेली बाईक ठेवू नका, एवढंच सांगतो.

चंदगडी
टेक्सासच्या दादांचं बरोबर, पण त्यांच्याकडं तिलारी घाट नाही 😄 त्या उतारावर आणि वळणांवर इनोव्हामागं ट्रेलर? नको ओ. चोर्ल्याला पण तेच, समोरनं बस आली की कुणीतरी मागं घ्यायचं असतं, आणि ट्रेलर रिव्हर्स घेताना स्टीअरिंग उलटं फिरवावं लागतं, जॅकनाइफ झाला, म्हणजे ट्रेलर गाडीवर दुमडून आला, की मागचा ट्रॅफिक हॉर्न वाजवून कान किटवणार. आंबोलीत पावसाळ्यात धबधब्याजवळ रविवारी साधी कार लावायला जागा नसते, तिथं हे शेपूट कुठं घालणार?

ट्रेलर कायद्यानं पण सोपा नाही. ट्रेलर हेच वेगळं वाहन, त्याची नोंदणी वेगळी, नंबर वेगळा. 750 किलोपर्यंतचा टी1 गटात, त्यावरचा साडेतीन टनापर्यंत टी2. उद्यमबागेत कुणीही मस्त बनवून देईल, त्याबद्दल वाद नाही, पण मंजूर डिझाइन नसलेला घरगुती ट्रेलर पासिंगला गेला की अडकला. आमच्याकडं ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बघून लोकांना वाटतं कायबी जोडलं तरी चालतं, शेतीचं वेगळं आणि हे वेगळं.

उद्यमबाग वेल्डर
@चंदगडी बरोबर हाय, माझ्याकडं पण लोक येतात "भाऊ एक छोटा ट्रेलर करून द्या" म्हणून, मी आधी पेपरचं विचारतो, मग बहुतेक जण चहा पिऊन जातात.

निपाणी बायपास
ट्रॅव्हलरबद्दल थोडं सांगतो, कारण माझ्या मेव्हण्यानं तेच केलंय. 3700 व्हीलबेसची (पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर, मिलिमीटरात) घेतलात तर तुमच्या साडेपाच मीटरात ती बसतच नाही, काकांचं गेट गेलंच समजा. 3350 ची बघितलात तर बाईक आत गेल्यावर बेडला जागा उरत नाही. सीटा काढून बेड-किचन केलं की गाडी मूळ आरसीप्रमाणे राहिली नाही, मोटार वाहन कायद्याचं कलम 52 लागू, आणि 2019 च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर आरटीओ लोक याबाबत कडक झालेत. कॅम्पर व्हॅन, मोटर कॅरॅव्हॅन असे वेगळे प्रकार नोंदणीत आहेत, पण ते मंजुरी घेऊन रीतसर करायचं. नुसतं सुताराला बोलवून प्लाय ठोकला आणि उद्या अपघात झाला तर इन्शुरन्सवाला पहिला तोच प्लाय दाखवणार.

मेव्हण्याचं पुढचं दुखणं म्हणजे रॅम्प. मागच्या दाराची जमीन समजा 70 सेंटीमीटर उंच आणि रॅम्प दोन मीटर दहा सेंटीमीटरचा, तर चढ होतो जवळजवळ वीस डिग्रीचा. 159 किलोची बाईक त्यावर ढकलायची तर दोघं धडधाकट माणसं लागतात, बाईक मध्यावर आली की ढकलणाऱ्याचा पाय जमिनीवर आणि बाईक छातीच्या वर. त्याची उंची बेताची, शेवटी तो बाजूला प्लास्टिकची क्रेट ठेवून तिच्यावर चढतो. बघायला मजा येते, करायला नाही. रॅम्पला वरच्या टोकाला साखळी किंवा बेल्ट मारून गाडीला बांधा, नाहीतर मागचं चाक वर चढताना रॅम्प मागं सरकतो.

शहापूरची मी
मला एक साधी गोष्ट कळत नाही. एक्सपल्सला नंबर हाय, इन्शुरन्स हाय, रस्त्यावर चालते. मग ती गाडीत भरून का न्यायची? तुम्ही ती चालवत या की. वहिनी इनोव्हा चालवतील. 159 किलो एका झटक्यात कमी झाले, रॅम्पचा प्रश्न निम्मा संपला. तिलारीला जायला आपल्या इथनं बाईकवर दोन-अडीच तास, त्यात निम्मी मजा तर रस्त्यातच असते. नेऊन उतरवून परत चढवण्यातच रविवार जायचा.

उरली पोराची गाडी आणि कयाक. कयाक इनोव्हाच्या टपावर, क्रॉसबारवर उपडी, पुढच्या-मागच्या टोकाला दोरी बॉनेट आणि टो हुकाला. टपावर किती वजन चालतं ते मॅन्युअलमध्ये असतं, बऱ्याच गाड्यांत शंभराच्या आतच, त्यामुळे कयाक आणि रूफटॉप टेंट दोन्ही वर ही कल्पना सोडा. टेंट एकटाच पन्नास-साठ किलोचा, आणि जागा पण एकच. जमिनीवरचा चौघांचा तंबू दहा हजाराच्या आत मिळतो ओ.

चंदगडी
ताईंनी एका फटक्यात निकाल लावला की! आणि पोराची केएलएक्स छोट्या हत्तीत टाका. टाटा एसचा हौदा सात फुटी, त्यात केएलएक्स, कयाक, पाण्याचे कॅन, सगळं. आमच्या इथं भाड्यानं मिळतोच, सोडून ये, रविवारी संध्याकाळी परत ने. वर्षातनं सात-आठ वीकेंडला हे भाडं दिलं तरी अठरा लाखाच्या व्याजापेक्षा लई कमी. फक्त कयाक मागं किती बाहेर येते बघा, माल बाहेर काढून नेला तर मोटार वाहन कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीनंतर कलम 194 खाली वीस हजाराचा दंड हाय, बाहेर आलेला माल उतरवायचा खर्च वेगळा. त्यापेक्षा ती इनोव्हावरच राहू दे.

टिळकवाडीकर
बायकोला शहापूरच्या ताईंचा निरोप वाचून दाखवला, ती एकदम खूश, म्हणाली मी केव्हाचं हेच सांगतेय. पण दोन अडचणी. एक, पावसाळ्यात बाईकवर घाट मला नको वाटतो. दोन, पुढं मागं एटीव्ही घ्यायचा विचार हाय, त्याला तर पासिंग नाही, तीनशे किलोच्या वर असतात मोठ्या. मग शेवटी पिकअप लागणारच ना? महिंद्राची बोलेरो कॅम्पर पिकअप कशी? आणि एमएच 09 पासिंगची व्ही-क्रॉस कोल्हापुरात स्वस्तात दिसायलीय, इथं लाइफटाइम टॅक्स वीस लाखाच्या वर 18 टक्के म्हणजे डोळे फिरतात.

निपाणी बायपास
एमएच गाडीचा मोह सगळ्या बॉर्डरवाल्यांना होतो. बारा महिन्यांपेक्षा जास्त इथं ठेवली की नोंदणी इकडं करून घ्यायची, एनओसी आणायची आणि इथला टॅक्स भरायचा, तिकडचा परत मागायला वेगळ्या फेऱ्या. टॅक्स धरून हिशेब केलात तर स्वस्त पडतेच असं नाही.

कॅम्पर पिवळ्या पाटीची, मालवाहू. आठ वर्षांपर्यंत दोन-दोन वर्षांनी फिटनेस, त्यानंतर दरवर्षी. ग्रॉस 3000 किलोच्या आत असेल तर परमिटची भानगड नाही, म्हणून आरसी बघूनच व्यवहार करा, विकणारा काहीही सांगतो. लायसन्सचं म्हणाल तर सुप्रीम कोर्टाच्या नोव्हेंबर 2024 च्या निकालानं साडेसात टनाच्या आतली मालवाहू गाडी साध्या एलएमव्ही (हलक्या गाडीच्या) लायसन्सवर चालते, ते टेन्शन गेलं. वजन पेलायला कॅम्पर व्ही-क्रॉसपेक्षा भक्कम, पण मालवणपर्यंत मागच्या सीटवर मुलांना बसवून नेलात तर पाट्यांचे हादरे त्यांच्या तोंडून ऐकायला मिळतील.

उद्यमबाग वेल्डर
एटीव्ही घेतल्यावर एटीव्हीचं बघा की, आत्ताच कशाला? आणि ती चालवणार कुठं ते आधी सांगा. खानापूर-जांबोटी पट्ट्यात जिथं तिथं जंगल खात्याची हद्द, भीमगड तर अभयारण्यच, तिथं मातीत चाक घातलं तर केस. पोराची केएलएक्स पण कुणाच्यातरी शेतातच चालवा. कच्चा असला तरी सार्वजनिक रस्ता म्हटला की त्याच कायद्याचं कलम 199ए, पोराच्या जागी तुम्ही आत, तीन वर्षांपर्यंत शिक्षा आणि पंचवीस हजार. कयाकचं पण तेच, राकसकोपला नका उतरू, शहराचं पिण्याचं पाणी हाय ते. हिडकलला पाटबंधारे खात्याच्या माणसाला विचारून.

पावसाळ्याचं म्हणाल तर जुलै-ऑगस्टात तसंही तंबूत कोण झोपतंय आंबोलीला, गोचिड आणि जळवा.

शहापूरची मी
जळवांसाठी मीठ आणि तंबाखूची पुडी न्या 😀

टिळकवाडीकर
बरं बाबा, ठरलं. यंदा नवीन गाडी नाही. एक्सपल्स मी चालवत, कयाक इनोव्हावर, केएलएक्स छोट्या हत्तीत, मुक्काम चंदगडच्या मामाच्या काजूच्या बागेत, म्हणजे पोराला तिथंच चालवता येईल. वेल्डरसाहेब, केएलएक्ससाठी दुमडणारा रॅम्प करून द्याल का, चेकर प्लेटचा? हत्तीच्या फाळक्याची उंची मोजून पाठवतो.

उद्यमबाग वेल्डर
अॅल्युमिनियमचा करू, लोखंडाचा केलात तर रॅम्पच पंचवीस किलो होईल आणि वहिनी उचलणार नाहीत. रुंदी एक फूट बास केएलएक्सला, पण शेजारी माणसाला चढायला वेगळी पट्टी पाहिजे, ती मी घालतो. माप जमिनीपासून घ्या, हत्ती रिकामा असताना आणि भरलेला असताना दोन्ही वेळा. सोमवारी दुकान बंद, मंगळवारी या.