दहावीनंतर आयटीआय की कॉमर्स? भाच्यासाठी विचारतेय (बडोदा)

रावपुरा_मावशी:
भाच्याला दहावीत 61 टक्के, गणितात 70. आजोबा म्हणतात अकरावी कॉमर्स, मग सयाजीराव विद्यापीठातून बीकॉम. पदवी नसेल तर उद्या मुलगी कोण देणार. पोराला मात्र घरातला मिक्सर उघडून बसण्यात रस. तरसाली किंवा गोरव्याच्या आयटीआयला वेल्डरचा फॉर्म भरायचा म्हणतो, कारण काय तर एका वर्षात सुटका. आयटीआय केलं की पुढचं शिक्षण कायमचं बंद होतं का? आणि तिथे बघायला गेलो तर नेमकं काय बघायचं?

शिम_गॅस्केट:
ताई, बंद होत नाही, पण ट्रेड चुकला तर रस्ता अडतो. वेल्डर एक वर्षाचा. फिटर, इलेक्ट्रिशियन, केमिकल प्लांटचा ऑपरेटर म्हणजे एओसीपी, हे सगळे दोन वर्षांचे. दहावी आणि वर दोन वर्षांचा आयटीआय असला की इंजिनिअरिंग डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला अर्ज करता येतो; आपल्याकडे त्याला ‘सी टू डी’ म्हणतात. डिप्लोमावरून बीईच्या दुसऱ्या वर्षाला जाणं ते ‘डी टू डी’. आयटीआय, डिप्लोमा, बीई असा हिशोब 2 + 2 + 3, म्हणजे सात वर्षं. बीईच करायचं हे आजच पक्कं असेल तर मात्र आयटीआयचा वळसा घेऊ नका, दहावीवर थेट डिप्लोमा धरा: 3 + 3.

सी टू डीने आलेली मुलं वर्कशॉपमध्ये नाही, गणितात आपटतात. आयटीआयच्या हिशोबात क्षेत्रफळ, त्रिकोणमिती येते. डेरिव्हेटिव्ह-इंटिग्रेशन येत नाही, आणि डिप्लोमात पहिल्याच वर्षी ते होऊन गेलेलं असतं. भाच्याचं गणित बरं आहे, तर त्या दोन वर्षांत अकरावी-बारावी सायन्सचं गणित घरी चालू ठेवा.

बघायला जाल तेव्हा प्रॅक्टिकलच्या वेळीच जा. फिटरची बॅच वीस मुलांची असते. बाकावर वाइस (लोखंड पकडायचे शिकंजे) किती ते मोजा. वाइसखाली लोखंडाचा ताजा कीस पडलेला दिसला पाहिजे. आतल्या एखाद्या मुलाला व्हर्नियर (बारीक माप घ्यायचं साधन) वाचायला सांगा, 0.02 मिमीपर्यंत. ‘व्हर्नियर कपाटात आहे’ असं उत्तर आलं तर चहा पिऊन परत या. खासगी असेल तर त्या ट्रेडला केंद्र सरकारच्या डीजीटीची (पूर्वीच्या एनसीव्हीटीची) मान्यता आहे का, हे फी भरायच्या आधी विचारा.

सिक्सजी:
एका वर्षात वेल्डर होतो, हे कागदावर. मकरपुऱ्यात ग्रिल-गेटचं काम त्यावर मिळेल. कोयली-नंदेसरीकडच्या रिफायनरी-केमिकल कारखान्यांत पाइपिंगला सिक्सजी टेस्ट द्यावी लागते. सिक्सजी म्हणजे पाइप 45 अंशांत पक्का बांधलेला. तो फिरत नाही, वेल्डरने त्याच्याभोवती फिरायचं. बेव्हल (पाइपच्या कडेचा उतार) 37.5 अंश, दोन पाइपांतली गॅप साधारण 3 मिमी, रूट म्हणजे सगळ्यात आतला पहिला थर टिगने (आर्गन वायूच्या आवरणातलं वेल्डिंग), आर्गन मिनिटाला 8 ते 12 लिटर, वरची भरणी 7018 नंबरच्या वेल्डिंग रॉडची.

बिघडतं ते ठरलेल्या जागी. पाइपच्या पोटाशी, घड्याळात सहा वाजतात तिथे, रूट आतून खोलगट बसतो, कारण वितळलेली धातू खाली ओघळते. टॅकची (पाइप जागेवर धरायला आधी मारलेल्या छोट्या जोडांची) टोकं ग्राइंडरने निमुळती केली नाहीत तर रूट त्यांच्यात मिसळत नाही. जवळ पंखा चालू असला की आर्गन उडतो आणि जोडात बुडबुडे राहतात. पावसाळ्यात उघड्या पडलेल्या 7018 ने तर घातच होतो: ओल धरलेल्या रॉडमधला हायड्रोजन जोडात जातो आणि तडा कधीकधी दुसऱ्या दिवशी येतो. म्हणून रॉड आधी 300-350 अंश सेल्सिअसवर तास-दोन तास भाजायचे आणि मग गरम डब्यात ठेवायचे. हे सगळं एका वर्षात हातात बसत नाही.

आणखी एक. एएसएमई सेक्शन नाइन या वेल्डर-टेस्टच्या अमेरिकन नियमांप्रमाणे पास झालेल्याने सहा महिने ती प्रोसेस केली नाही तर त्याची पात्रता संपते. टिग पास होऊन वर्षभर ग्रिल मारत बसला, की परत टेस्ट.

माझं मत: आधी फिटर. वेल्डिंगची तोंडओळख त्यात होते, आणि बेव्हल-गॅप स्वतः जुळवणारा पुढे टिग लवकर उचलतो.

खातेवही:
आजोबांच्या म्हणण्यात तथ्य आहे, कारण मात्र वेगळं. बँकेची पीओ (अधिकारी) परीक्षा, जीपीएससी म्हणजे गुजरातची लोकसेवा परीक्षा, इथे पदवी कुठलीही चालते, पण लागतेच. ते डोक्यात असेल तर बीकॉम ठीक. नुसत्या बीकॉमवर नोकरी मागायला गेलात तर टॅलीत एंट्री, बँकेचा ताळमेळ आणि जीएसटीचं रिटर्न येतं का हेच विचारतात, आणि ते वर्गात पुरेसं होत नाही.

बाकी, सयाजीराव महाराजांनी 1890 साली कलाभवन काढलं ते कारागिरीचं शिक्षण द्यायलाच. त्याचीच पुढे विद्यापीठाची टेक्नॉलॉजी फॅकल्टी झाली. आजोबांना हे सांगून बघा.

रावपुरा_मावशी:
फिटरवर घरात सूर जुळतोय. आजोबा अजून गप्प आहेत. पण पोरगा आता म्हणतो, फिटर नको, इलेक्ट्रिशियन!

शिम_गॅस्केट:
चालेल, तोही दोन वर्षांचाच. पण फॉर्म भरायच्या आधी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे ठिपक्यांच्या चित्रांची रंगचाचणी करून घ्या. लाल-हिरव्यात गफलत होत असेल तर प्लांटच्या मेडिकलला तिथेच अडकतो, आणि हे बऱ्याच मुलांना तोवर माहीतच नसतं. डोळे ठीक असले तर आयटीआयनंतर वायरमनच्या परमिटचं बघा. ते नसेल तर काम येऊनही कायद्याने वायरिंग करता येत नाही.