प्रतिसाद: मॉनिटर (स्टुडिओचे स्पीकर) भिंतीला चिकटवलेत आणि बेस नुसता घुमतोय

वर दादांनी सांगितलंय की स्पीकरच्या मागचा रूम कंट्रोल, म्हणजे बेस कमी करायचा स्विच, सरळ -४ वर टाक, ते चूक नाही पण जरा थांबा. माझ्याकडे पण यामाहा एचएस ५ आहेत, जुळे सोलापुरात १० बाय १० फुटाची खोली, म्हणजे चौरस, अजून काय पाहिजे वाट लागायला! तो स्विच ५०० हर्ट्झच्या खालचं सगळंच २ किंवा ४ डेसिबलने खाली आणतो. भिंतीजवळ ठेवल्याने जो बेस फुगतो तो त्याने आटोक्यात येतो, पण खोलीचा स्वतःचा घुमारा (समोरासमोरच्या भिंतींमध्ये आवाज आपटून होतो तो) नाही जात, कारण १० फुटाला तो साधारण ५६ हर्ट्झला येतो आणि लांबी रुंदी सारखीच असली की तिथंच डबल बसतो, मग स्विच टाकून त्याच्या वरचा आवाज पातळ होतो आणि ढम्म तसंच राहतं, मी सहा महिने हेच करत बसलो होतो.

आधी खुर्ची पुढंमागं सरकवून बघा, खोलीच्या बरोब्बर मध्ये तर बसूच नका. मग आरईडब्ल्यू हे खोलीचा आवाज मोजायचं सॉफ्टवेअर फुकट आहे, मेजरमेंट माईक घेऊन मोजा आणि स्विचला शेवटी हात लावा.

आणि हो, भिंतीवर चादरी टांगायचं म्हणताय, सोलापुरात चादरीला काय तोटा, पण त्यानं फक्त वरची चरचर कमी होते, बेसला चादर म्हणजे उघडं दारच. कोपऱ्यात जाड रॉकवूल (दगडी लोकर) लागतं.

खोलीचं माप टाका की इथं.