ऑइलच्या टोपीखाली लोणी, आणि ब्रीदरचा पाइप खाली सोडायचा का?

नाशिकची_हॅचबॅक
नमस्कार मंडळी. गाडी पेट्रोल, १.२ लिटर, चार सिलिंडर, आठ वर्षांची. राहते इंदिरानगरला, ऑफिस मुंबई नाक्याला, म्हणजे रोजचं जाणं-येणं जेमतेम आणि सिग्नलच जास्त. थंडी सुरू झाल्यापासून ऑइल भरायच्या टोपीच्या आतून पिवळट पांढरं, लोण्यासारखं काहीतरी जमतंय. पुसलं की आठवड्यात परत हजर.

पहिल्या मेकॅनिकने टोपी बघूनच सांगितलं, हेड पॅकिंग गेलं, इंजिन खोलावं लागेल. दुसरा म्हणाला, पॅकिंग-बिकिंग काही नाही, टॅपेट कव्हरवरून (इंजिनाच्या वरच्या झाकणावरून) इनटेकला, म्हणजे हवा आत घ्यायच्या वाटेला, जाणारा ब्रीदरचा पाइप काढतो, तिकडचं भोक बुजवतो आणि पाइप खाली रस्त्याकडे सोडतो; वाफ बाहेर जाईल आणि थ्रॉटल बॉडीही काळी होणार नाही. ऐकायला पटतंय. पण मग कंपनीने हा पाइप दिलाय कशाला? शोधलं तर "प्रदूषण कमी व्हावं म्हणून" एवढंच सापडतं. तेवढंच असेल तर काढल्याने इंजिनाचं काही बिघडतं का?

घाटवाला
बिनधास्त सोडा. आमच्या जुन्या डिझेल जीपचा पाइप वडिलांच्या काळापासून खालीच लोंबतोय. इंजिन ठणठणीत.

उद्यमनगर_बोरिंगवाला
ताई, थांबा, काही सोडू नका अजून.

कोल्हापुरात उद्यमनगरात आमचं बोरिंग-होनिंगचं काम आहे. आमच्याकडे येतं ते उघडलेलं इंजिन, त्यामुळे हा पाइप चालू होता की बंद, ते मला चेंबर (इंजिनाखालचं ऑइलचं भांडं) उलटा केल्यावर कळतं. चालू असेल तर आतून नुसता तपकिरी रंग चढलेला असतो. बंद असेल तर काळा गाळ, आणि ऑइल पंपाची जाळी त्या गाळाने लिंपलेली. जाळी तुंबली की ऑइल वर चढत नाही, आणि मग बेअरिंग जातात.

पिस्टनच्या रिंगा कितीही नव्या असोत, सिलिंडरमधला थोडा गॅस पिस्टनच्या बाजूने खाली चेंबरकडे उतरतोच. गॅरेजमध्ये आपण याला बॅक कॉम्प्रेशन म्हणतो. नव्या इंजिनात थोडं, झिजलेल्यात जास्त. त्यात न जळलेलं पेट्रोल असतं, जळलेला धूर असतो आणि पाण्याची वाफ असते. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण एक लिटर पाणी तयार होतं, हे बऱ्याच जणांना खरं वाटत नाही. बहुतेक सायलेन्सरवाटे जातं, पण थोडं रिंगांमधून खालीही उतरतं. ते आत राहिलं तर ऑइलशी घुसळून तुमचं ते लोणी होतं. पेट्रोलमुळे ऑइल पातळ पडतं, आणि धुरातले नायट्रोजनचे वायू पाण्यात मिसळले की आम्ल होऊन बेअरिंगला लागतात.

तेव्हा या पाइपाचं काम नुसतं प्रेशर सोडणं नाही. आतली हवा बदलत ठेवणं हे खरं काम. एअर फिल्टरकडून एका नळीने गाळलेली हवा आत येते, चेंबरमधला गॅस घेते आणि दुसऱ्या बाजूने पीसीव्ही (पॉझिटिव्ह क्रँककेस व्हेंटिलेशन) व्हॉल्व्हमधून इनटेक मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळीत, ओढली जाते. ओढतं ते मॅनिफोल्डचं व्हॅक्यूम. व्हॉल्व्हमध्ये स्प्रिंगवर एक छोटा प्लंजर असतो. आयडलला व्हॅक्यूम जोरात, तेव्हा तो वाट अरुंद करतो, नाहीतर जादा हवा जाऊन आयडल बिघडेल. रस्त्यावर व्हॅक्यूम उतरलं की वाट रुंद करतो, कारण तेव्हा गॅसही जास्त असतो. पूर्ण ॲक्सिलरेटर दाबला की व्हॅक्यूम जवळजवळ राहतच नाही, मग गॅस आला त्याच नळीने उलटा फिल्टरकडे जातो आणि तिथून इंजिनात. मॅनिफोल्डमध्ये भडका झाला तर हाच प्लंजर बंद होऊन आग चेंबरमध्ये जाऊ देत नाही. एवढुशा वस्तूकडून केवढी कामं!

आता तुमच्या दुसऱ्या मेकॅनिकचा उपाय. तो नवा नाही. १९६० पर्यंत जगभरातल्या बहुतेक गाड्यांना तोच होता. चेंबरमधून एक नळी गाडीखाली, शेवट तिरका कापलेला, आणि गाडी पळाली की वाऱ्याच्या ओढीने गॅस बाहेर. गाडी उभी, की ओढ संपली. म्हणजे शहरात हळूहळू चालणाऱ्या गाडीत गाळ ठरलेलाच. दुसऱ्या महायुद्धात रणगाडे पाण्यातून न्यायचे होते, तेव्हा त्या नळीतून पाणी आत शिरू नये म्हणून ती मॅनिफोल्डला जोडली गेली. पुढे लॉस एंजेलिसच्या धुरक्याचा शोध घेताना कळलं, की गाडीतून बाहेर पडणाऱ्या हायड्रोकार्बनपैकी पाचवा हिस्सा तरी सायलेन्सरमधून नाही, या उघड्या नळीतून येतोय. म्हणून १९६१ च्या मॉडेलपासून कॅलिफोर्नियात पीसीव्ही आला, आणि १९६४ पर्यंत अमेरिकेतल्या बहुतेक नव्या गाड्यांत. म्हणजे प्रदूषणाचं कारण खरंच आहे, ते मी नाकारत नाही. पण इंजिनाचाही त्यात तेवढाच फायदा झाला.

तुम्ही सिग्नलला उभ्या राहणार, पाइप खाली लोंबणार, आणि आत ताजी हवा ओढणारं कोणीच नाही. दाब निघेल, वाफ तिथेच. तुमच्या गाडीला तर हा उपाय सगळ्यात वाईट.

हेड पॅकिंगचं म्हणाल (ते गेलं की कूलंट ऑइलमध्ये मिसळू शकतं) तर टोपीवरून निदान करू नका. डिपस्टिकवरचं ऑइल स्वच्छ आहे का? गाडी थंड असताना कूलंटची पातळी जागच्या जागी आहे का? दोन्ही ठीक असेल तर तूर्त पॅकिंगला हात लावू नका.

मग इंजिन चांगलं गरम करा, आयडलवर ठेवा, टोपी काढा आणि तोंडावर साधा कागद अलगद धरा. हलकेच चिकटला तर यंत्रणा चालू. उडाला तर व्हॉल्व्ह तुंबलाय किंवा रिंगा गेल्यात. टोपी काढल्यावर इंजिन थोडं डचमळलं तर घाबरू नका. व्हॉल्व्ह वेगळा निघणारा असेल तर काढून कानाजवळ हलवा, टिकटिक वाजला पाहिजे. काही इंजिनांत तो टॅपेट कव्हरमध्येच पडद्याच्या रूपात असतो, तिथे फक्त कागदावर विसंबा.

नाशिकची_हॅचबॅक
दादा, केलं सगळं. डिपस्टिक स्वच्छ, कूलंट जागच्या जागी. कागद चिकटलाही नाही, उडालाही नाही. व्हॉल्व्ह निघाला पण वाजत नाही, आत काळा डिंक. आणि एक सांगायचं राहिलं होतं, मागच्या बाजूला गिअरबॉक्सच्या सांध्याशी ऑइलचा थेंब धरतोय. त्यासाठी गिअरबॉक्स उतरवून क्रँकचं सील बदला म्हणतायत.

उद्यमनगर_बोरिंगवाला
सील आत्ता अजिबात बदलू नका! आतला दाब निघायला वाट नसली की तो सगळ्यात कमजोर जागेतून निघतो: टॅपेट कव्हरचं पॅकिंग, डिपस्टिकची नळी, नाहीतर क्रँकचं सील. लोक गिअरबॉक्स उतरवून नवं सील घालतात आणि महिन्याभरात तेही गळतं, कारण व्हॉल्व्ह तोच. आधी व्हॉल्व्ह नवा घाला. धुऊन चालतो कधीकधी, पण स्वस्त वस्तू आहे, धुण्यात वेळ घालवू नका. पार्ट नंबर बघूनच घ्या, दिसायला सारखा म्हणून दुसऱ्या गाडीचा नको, स्प्रिंग वेगळी असते. नळीचा कोपरा दाबून बघा, ऑइलने मऊ होऊन आत बसला असेल तर तीही बदला. ऑइल-फिल्टर बदला. मग सांधा पुसून काही दिवस बघा. तरीही थेंब आला तर सीलचा विचार.

आणि रविवारी गाडी इगतपुरीपर्यंत काढा. टेंपरेचरचा काटा मधोमध आला म्हणजे कूलंट गरम झालं, ऑइल त्याच्या बरंच मागे असतं. तीन-चार किलोमीटरच्या फेरीत ते पाणी उडण्याइतकं तापतच नाही.

पनवेल_सीएनजी
माझ्या सीएनजी गाडीत हे लोणी पेट्रोलवाल्यांपेक्षा जास्त येतं. किटचा दोष का?

उद्यमनगर_बोरिंगवाला
किटचा नाही. सीएनजी म्हणजे मुख्यतः मिथेन, त्यात हायड्रोजन जास्त. एक किलो पेट्रोलला सुमारे १.४ किलो पाणी, एक किलो मिथेनला २.२५. गाडी लांब पल्ल्यावर जाऊनही लोणी राहत असेल तरच व्हॉल्व्ह बघा.

@घाटवाला, तुमच्या जीपला थ्रॉटल (हवा अडवणारी झडप) नाही, म्हणजे मॅनिफोल्डला ओढच नाही. तशा जुन्या डिझेलला कंपनीकडूनच पाइप खाली यायचा. आयडलला ऑइलची टोपी उलटी करून नुसती ठेवून बघा एकदा. नाचून खाली पडली तर बॅक कॉम्प्रेशन जास्त आहे, इंजिन आमच्याकडे पाठवा.