बेडलम बंद झाली ते बरं झालं का? (एकतर्फी मॅच चालू ठेवावी की नाही)

केशरी_कर्वेनगर:

मंडळी, मॅच अमेरिकेतली आहे पण भांडण पुण्यातलं, म्हणून इथे विचारतोय.

मी २०१० ते २०१२ ओक्लाहोमा स्टेटला एमएस केलं, स्टिलवॉटर नावाच्या गावात. शाळेपासूनचा माझा मित्र त्याच राज्यात नॉर्मनला, युनिव्हर्सिटी ऑफ ओक्लाहोमात. दोन गावांतलं अंतर पुणे-साताऱ्याहून थोडं जास्त. या दोघांची फुटबॉलची मॅच १९०४ पासूनची (फुटबॉल म्हणजे तिकडचा, अंडाकृती चेंडू हातात घेऊन पळतात तो). तिला बेडलम म्हणतात, म्हणजे नुसता कल्ला. पुरुषोत्तमला भरत नाट्य मंदिरात 'आवाज कुणाचा' ऐकलेल्यांना वेगळं सांगायला नको. तिथे तेच पन्नास-साठ हजार माणसं करतात.

२०१३ च्या उन्हाळ्यात आम्ही दोघंही परत आलो, तो बाणेरला, मी कर्वेनगरला. तेव्हापासून मॅच त्याच्याकडे बघायची आणि ज्याची टीम हरेल त्याने सकाळी सगळ्यांना मिसळ खिलवायची, असं ठरलेलं. १९०४ पासूनचा हिशोब असा: ११८ मॅच, ओक्लाहोमा ९१, आम्ही २०, बरोबरी ७. परत आल्यापासूनच्या अकरा मॅचमध्ये आठ वेळा मिसळ मी दिली. २०२० ला एकत्र जमता येत नव्हतं, तर तर्री वेगळ्या डब्यात भरून त्याच्या सोसायटीच्या गेटवर ठेवून आलो. एकदाही कुरकुर केली नाही.

तिकडे युनिव्हर्सिट्यांचे गट असतात, त्यांना कॉन्फरन्स म्हणतात, आणि बहुतेक मॅच आपापल्या गटातच होतात. २०२४ ला ओक्लाहोमा आमची दोघांची बिग ट्वेल्व्ह कॉन्फरन्स सोडून एसईसी या दुसऱ्या कॉन्फरन्समध्ये गेली आणि मॅच थांबली. शेवटची झाली ४ नोव्हेंबर २०२३ ला, आपल्याकडे रात्री एक वाजता सुरू. शेवटच्या मिनिटांत आम्ही २७-२४ ने पुढे, चेंडू त्यांच्याकडे, चौथा डाउन, म्हणजे शेवटचा प्रयत्न, पाच यार्ड हवे होते. त्यांच्या ड्रेक स्टूप्सने पास झेलला, पण रेषेच्या अलीकडेच त्याला पाडलं. वहिनी आतून 'शेजारी झोपलेत हो' म्हणत होत्या आणि मी सोफ्यावर उभा होतो.

आता मित्र म्हणतो, "बंद झाली ते तुमच्याच भल्याचं झालं. इतकी एकतर्फी मॅच खेळण्यात काय अर्थ? २०२४ ला बारांतल्या तीन जिंकलात, २०२५ ला एकच. आत्ता बेडलम असती तर तुम्हाला कुणी विचारलं तरी असतं का?"

आकडे खरे आहेत, नाकारत नाही. पण हे 'तुमच्या भल्याचं' ठरवणारा तो कोण? हरणाऱ्याला कुणी विचारलंय का? ३ डिसेंबर २०११ ला मी स्टिलवॉटरला स्टेडियममध्ये होतो. आम्ही ४४-१० ने जिंकलो आणि बिग ट्वेल्व्हचं विजेतेपद मिळालं. पोरं मैदानात घुसली, गोलपोस्ट आडवे केले. माझ्या पुढच्या रांगेत एक आजोबा होते, शेतकरी असावेत, हाताची कातडी तशी होती. ते मैदानात गेले नाहीत. टोपी काढून छातीशी धरून नुसते उभे राहिले. मी विचारलं तर म्हणाले, १९७६ ला जिंकलो तेव्हा मी तरुण होतो, त्यानंतर थेट १९९५. मधली सगळी वर्षं ते मॅचला येत होते. त्या माणसाला सांगा की ही मॅच एकतर्फी होती, म्हणून काढून टाकली.

तुम्हाला काय वाटतं? चालू राहायला हवी होती का?

नॉर्मनची_पाच_वर्षं:

दादा, माझ्या नवऱ्याची पीएचडी नॉर्मनला झाली, त्यामुळे मी तुमच्या मित्राच्या बाजूची. तुमचं लिहिलेलं वाचून गलबललं, पण मत तेच राहिलं.

तुमच्यासाठी ही वर्षातली सगळ्यात मोठी मॅच होती. आमच्याकडे ती जागा टेक्सास युनिव्हर्सिटीबरोबरच्या मॅचची. ऑक्टोबरात डॅलसला, कॉटन बोलमध्ये, बाहेर जत्रा भरलेली आणि अर्धं स्टेडियम लाल, अर्धं केशरी. तिची तयारी सप्टेंबरपासून घरोघरी दिसायची. बेडलमचा विषय आदल्या आठवड्यात निघायचा. हे ऐकायला बरं वाटणार नाही, पण तसं होतं.

आणि व्यवहार बघा. सीझनला मॅच बारा. २०२६ पासून एसईसीत आपसांतल्याच नऊ. राहिल्या तीन. घरच्या मैदानावरच्या मॅचवर युनिव्हर्सिटीचं उत्पन्न चालतं, सगळं गाव त्या शनिवारांवर जगतं. त्यात दर दुसऱ्या वर्षी स्टिलवॉटरला जायचं, जिंकलो तर कुणी पाठ थोपटणार नाही आणि हरलो तर प्लेऑफ हुकायची भीती. कुठला कोच हो म्हणेल? बास्केटबॉलमध्ये दोघं अजून खेळतात, कारण तिथे सीझनला तीसेक मॅच असतात. इथे जागाच नाही.

मैदानावरचे_सर:

मी एकतीस वर्षं शारीरिक शिक्षण संचालक होतो, आता निवृत्त. अमेरिकेतलं मला काही ठाऊक नाही. स्वतःचं सांगतो.

आमचं कॉलेज आणि शहरातलं एक मोठं कॉलेज, दोघांत दर डिसेंबरात फुटबॉलची मैत्रीपूर्ण लढत व्हायची. आपला, पायाने खेळायचा फुटबॉल. एक फिरती ढाल होती, शिसवी लाकडाची. तिच्यावर दर वर्षी विजेत्याच्या नावाची चांदीची छोटी पट्टी ठोकायची. एकोणीस पट्ट्यांत आमच्या दोन. त्यांच्याकडे हॉस्टेल, कोच, सकाळ-संध्याकाळ सराव. आमची निम्मी पोरं पहाटे पेपर टाकून यायची, बूट एकमेकांचे घालायची.

तरी त्या दोन पट्ट्या नवीन पोरांना मी दाखवायचो. त्यांच्या नावाखाली वर्ष कोरलेलं होतं. पोरं त्यावरून बोट फिरवायची. त्या दोन टीममधल्या प्रत्येकाचं नाव नंतरच्या पोरांना पाठ असायचं, कॅप्टन कोण, गोल कुणी मारला, कुठल्या बाजूने मारला. जिंकलेल्या सतरा वेळांतलं समोरच्यांना काय आठवत असेल कोण जाणे.

शेवटच्या वर्षी आम्ही ९-० ने हरलो. गोलकीपर पहिल्या वर्षाचा पोरगा. मॅच संपल्यावर पोस्टला टेकून बसून राहिला, उठेना. मी त्याचे ग्लोव्हज काढले तर आतून तळवे सोललेले. वरच्यांनी मला बोलावलं, म्हणाले, मुलांचं खच्चीकरण होतंय, एक वर्ष थांबू. मलाही त्या दिवशी ते पटलं. हे माझ्या हातून चुकलं.

एक वर्ष थांबलो. दुसऱ्या वर्षी समोरचे सर बदलून गेले. तिसऱ्या वर्षी फोन कुणी कुणाला करायचा तेच कळेना. मग मैदानाचा अर्धा भाग पार्किंगला गेला. आणि तो गोलकीपर तीन वर्षं, दर डिसेंबरात, केबिनशी येऊन विचारायचा, "सर, यंदा आहे का?"

मोठ्यांना वाटतं आपण मुलांना हरण्यापासून वाचवलं. त्याला मॅच हवी होती.

पीचट्री_ते_पाषाण:

मी अटलांटाला नऊ वर्षं होतो, तिथलं उदाहरण देतो. जॉर्जिया एसईसीत, जॉर्जिया टेक एसीसीत. म्हणजे ओक्लाहोमासारखाच मामला, कॉन्फरन्स वेगवेगळ्या. टेक १९६४ ला एसईसीतून बाहेर पडली, तरी मॅच चालूच राहिली. २०१७ पासून झालेली प्रत्येक मॅच जॉर्जियाने जिंकली आहे. इतकं एकतर्फी. आणि २०२४ ला काय झालं? आठ ओव्हरटाइम! ४४-४२. जॉर्जियाच जिंकली, पण टेकच्या लोकांना विचारा ती रात्र कुणाला द्याल का.

वॉशिंग्टनचं बघा. मोठी युनिव्हर्सिटी बिग टेन कॉन्फरन्सला गेली, वॉशिंग्टन स्टेट मागे राहिली. एकूण विजयांत स्टेट खूपच मागे. तरी दोघांनी करार करून ॲपल कप, म्हणजे त्यांची आपसांतली मॅच, चालू ठेवला आणि पहिल्याच वर्षी, २०२४ ला, स्टेट २४-१९ ने जिंकली. म्हणजे इच्छा असेल तर जागा निघते.

टेक्सास आणि टेक्सास ए अँड एमचं मात्र मी आशेचं उदाहरण म्हणून देणार नाही. २०११ ला बंद पडली, २०२४ ला परत झाली, पण ती टेक्सासही ए अँड एमच्याच एसईसीत आली म्हणून. लोकांना हवी होती तेवढ्यावर ती तेरा वर्षं झाली नाही.

केशरी_कर्वेनगर:

ताई, तुम्ही सरळ लिहिलंत ते आवडलं. एक मुद्दा मात्र सुटला. एसईसीने नऊ मॅचचा निर्णय घेतानाच असंही ठरवलंय की प्रत्येक टीमने दर सीझनला बाहेरच्या मोठ्या कॉन्फरन्सची किमान एक टीम खेळायचीच. बिग ट्वेल्व्ह त्यात येते. म्हणजे ती एक जागा आहे. बाहेरचा तगडा प्रतिस्पर्धी शोधायचाच आहे, तर दीड तासावर एक उभा आहे. विमान नको, हॉटेल नको, दोन्हीकडची माणसं आपापल्या गाडीने येतील.

आणि 'पाठ कुणी थोपटणार नाही' हे खरं असेल, पण २०१८ ची मॅच नॉर्मनवाल्यांनीही विसरू नये. मिनिटभर उरलं असताना आम्ही टचडाउन केला (चेंडू शेवटच्या रेषेपार नेला), तरी ४८-४७ ने मागे. टचडाउननंतर जादा पॉइंटची एक संधी मिळते. चेंडू लाथेने मारून एक पॉइंट घेऊन बरोबरी करता आली असती. आमचे तेव्हाचे कोच माइक गंडी यांनी दोन पॉइंटचा, जास्त अवघड डाव खेळायला लावला, जिंकायलाच. पास पडला. त्या पहाटे माझा मित्र पाच मिनिटं काही बोलला नाही, मग म्हणाला, "मिसळ मी देतो." मी घेतली नाही. नियम म्हणजे नियम, बेडेकरांकडे मीच नेलं सगळ्यांना. एकतर्फी मॅचमध्ये हे होत नसतं. आकडा एकतर्फी आहे, मॅच नाही.

सर, तुमचं मी काल रात्री दोनदा वाचलं आणि मित्रालाही पाठवलं. त्याने उत्तर लिहिलं नाही, फोन केला. वाद घातला नाही, फक्त विचारलं की ती ढाल आता कुठे आहे.

मैदानावरचे_सर:

जिमखान्याच्या कपाटात असायला हवी. वरच्या कप्प्यात, जुन्या जाळ्यांच्या मागे ठेवली होती. किल्ली शिपायाकडे असते आणि तो अजून तोच आहे. शनिवारी जाऊन बघतो. तो गोलकीपर आता हडपसरला असतो, त्यालाही बोलावतोय.