डाबच्या थंडीत पिवळा पळस जगेल का, आणि फूल पिवळंच येईल का?

डोंगरमास्तर:
राम राम मंडळी. मी अक्कलकुवा तालुक्यात डाबच्या बाजूला शाळेवर आहे, मूळ गाव साक्रीकडचं. गावाकडे ओळखीच्यांच्या बांधावर एक पिवळा पळस आहे, आजूबाजूला सगळे नेहमीचे केशरी आणि मधे हा एकटा हळदीसारखा. मालकाला विचारून शेंगा आणल्या, पावसाळ्याच्या तोंडावर शाळेच्या आवारात लावल्या, रोपं मस्त वर आली पण डिसेंबरात इकडे गवतावरचं दव गोठतं हो, सकाळी सगळं पांढरं दिसतं, त्यात शेंडे काळे पडून वाळले. रोपं मेली समजायची का? वाचली तर फुलं पिवळीच येतील ना? आणि शहाद्याहून एका पालकाने पिवळा गुलमोहर म्हणून रोप आणून दिलंय, ते इथे टिकेल का?

तापीकाठ:
सर उपटू नका! पळस वरून जळतो पण खालून मरत नाही. पहिली काही वर्षं त्याचा सगळा जोर सोटमुळावर असतो, वरची काडी वाळते आणि उन्हाळ्यात बुडातून परत फुटते. नखाने बुडाशी साल खरवडून बघा, आत हिरवं असेल तर जिवंत आहे.
थंडीचं म्हणाल तर आम्ही रावेरवाले केळीवर चरका (थंडीचा फटका) बघत मोठे झालो, तेच उपाय इथे चालतात. थंडीची लाट सांगितली की संध्याकाळी पाणी द्यायचं, विहिरीचं असेल तर उत्तम, ते हिवाळ्यात कोमट असतं आणि ओली जमीन रात्रभर ऊब धरून ठेवते. रोपाभोवती गवत नाहीतर जुन्या गोणपाटाचा आडोसा करा पण सकाळी काढा. पावसाळा सरला की युरिया अजिबात नाही, कोवळी फूट आली की तीच आधी जळते. आणि सगळ्यात मोठं काम जागेचं, गार हवा जड असते, ती उतरून खोलगटात साचते, म्हणून नाल्याकाठचं गवत पांढरं पडतं आणि वर उतारावर तेवढं काही होत नाही. आवार खोलगट असेल तर पुढची रोपं उताराला लावा. वाढलेली मात्र हलवू नका, सोटमूळ तुटलं की पळस रुसतो.

रानवाट_धुळे:
थंडीचं वर आलंच आहे, धुळ्यातसुद्धा पारा ५-६ वर येतो आणि पळस मजेत असतात. खरी गोची रंगाची आहे. एकट्या पिवळ्या झाडाला चहूबाजूंनी केशरी शेजारी, शिंजीर आणि साळुंक्या इकडून तिकडे मध पीत फिरणार, म्हणजे परागकण बहुतेक केशरी झाडांचेच. त्या बियांतून एखादं पिवळं निघालं तर नशीब, बाकी केशरी धरून चाला, आणि हे कळायला फुलापर्यंत थांबायचं म्हणजे बरीच वर्षं, तोवर तुमची बदली होईल :)
पिवळाच पाहिजे तर मूळ झाडाच्या मुळांतून फुटणारे धुमारे घ्या. पळसाला ते भरपूर येतात, आणि धुमारा म्हणजे तेच झाड, रंगात बदल नाही. उन्हाळ्यात धुमारा आणि आईच्या झाडामधलं मूळ कुदळीने तोडून ठेवायचं, धुमारा तिथेच राहू द्यायचा म्हणजे तो स्वतःची बारीक मुळं धरतो, आणि पहिला चांगला पाऊस झाला की मातीच्या गोळ्यासकट काढायचा. सगळे लागत नाहीत म्हणून दोन-चार जास्त तोडून ठेवा.
गुलमोहराचं रोप आधी नीट बघा. नर्सरीत पिवळा गुलमोहर म्हणून सर्रास सोनमोहर देतात, तो वेगळाच वृक्ष. कोवळ्या शेंड्यावर तांबूस गंजासारखी लव असली की सोनमोहर समजा. खरा पिवळा गुलमोहर म्हणजे आपल्या लाल गुलमोहराचाच रंग बदललेला प्रकार, फूल तसंच मोठं आणि शेंग लांब कडक लाकडी. दोन्ही लहानपणी थंडीला हळवे, गुलमोहर तर मादागास्करचा. भिंतीच्या दक्षिण बाजूला, उन्हात लावा, पहिले दोन-तीन हिवाळे झाकावं लागेल.

बांधावरचा:
मन्हा वावरमा बी शे असा एक पयस, पन जागा कोनले सांगस नही. लोके साल काढी लई जातस. पिवळ्या-पांढऱ्या पळसाने सोनं होतं, गुप्तधन सापडतं असल्या भाकडकथा ऐकून रात्री येऊन खोड सोलणारे आहेत, चौफेर साल गेली की झाड उभ्या उभ्या वाळतं. सर तुम्ही पण गावाचं नाव, फोटो काही टाकू नका. आणि कोणी रानातला धुमारा आणायचा विचार करत असेल तर आधी वनखात्याला विचारा.

डोंगरमास्तर:
सगळ्यांचे आभार, बुडात हिरवं आहे! आलेली रोपं केशरी निघाली तरी राहू देतो, इथे होळीला पळस फुललेला कोणाला नको असतो. साक्रीच्या मालकांना धुमाऱ्यांसाठी आजच फोन लावतो. तोवर लवकर फुलणारं, थंडी सोसणारं, वेगळ्या रंगाचं काही आहे का? पोरांना धीर नाही.

रानवाट_धुळे:
पांढरा कांचन लावा, डोळे झाकून. गुलाबी कांचनाचाच पांढरा प्रकार, जात देहरादूनकडच्या डोंगरात रानात वाढणारी म्हणून थंडीचं फार वाटून घेत नाही, आणि पळसापेक्षा कितीतरी आधी फुलतो. बी पांढऱ्या झाडाजवळ दुसरा रंग नसेल तिथूनच घ्या.
दुसरा पांढरा पांगारा. तो फांदीवरून येतो म्हणजे रंगाची हमी. थंडीत शेंडा गेला तर खालून फुटतो.

डोंगरमास्तर:
पांगाऱ्याची फांदी केवढी घ्यायची?

तापीकाठ:
मनगटाएवढी जाड, हातभर लांब, एप्रिल-मेमध्ये. कापून एक-दोन दिवस सावलीत ठेवा, कापलेलं तोंड वाळू द्या, मग वीतभर खोल रोवा. पाणी कमीच, जास्त झालं की कुजते. वरचं टोक कुठलं त्यावर आधीच खूण करा, पोरं उलटी रोवतात.